आठव्या पायरीवरची बाग

मी एकतीस वर्षं ‘मानव विकास’ हा विषय शिकवला असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी तर गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा अर्जच माझ्या हातात दिला होता. विकास म्हणजे रस्ते, पूल आणि फिती कापणं, ही समजूत इतकी पक्की आहे की माणसाचाही विकास होतो आणि त्याचं शास्त्र असतं, हे पटवायला मला चहाचा एक कप तरी खर्ची घालावा लागतो. गृहविज्ञानाच्या कॉलेजात हा विषय असतो. त्यात आमचं दुर्दैव असं की शेजारच्या विभागात पाककला शिकवत. पाहुणे आधी तिकडे जात. तपासणीला आलेली समितीसुद्धा आमच्याकडे हात पुसतच येई.

विषय तसा सरळ आहे. जन्मापासून मरेपर्यंत माणूस कसा बदलत जातो, आणि का. यावर थोरामोठ्यांचे सिद्धांत आहेत. त्यांची नावं इथे देत नाही. माझ्या विद्यार्थिनींनी ती पाठ केली आणि पेपर झाल्यावर कॉलेजच्या फाटकापाशी सोडून दिली, वाचकांनी तेवढेही कष्ट का घ्यावेत? एकाचं म्हणणं असं, की मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे, त्याची विचार करायची रीतच निराळी असते. दुसऱ्याचं म्हणणं, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत एक तरी भरवशाचं माणूस मिळालं की मूल पुढे जगात बिनधास्त फिरतं. तिसरा म्हणतो, मुलाला एकट्याला काय येतं ते पाहू नका, कुणी थोडं बोट धरल्यावर काय येतं ते पाहा. आणि आमच्या विभागाचा सगळ्यात लाडका सिद्धांत होता आठ पायऱ्यांचा. तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत आठ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर एक ओढाताण. तान्ह्याची विश्वास आणि अविश्वास यांच्यात, सोळाव्या वर्षाची ‘मी कोण’ या प्रश्नाशी, पन्नाशीतल्या माणसाची पुढच्यांसाठी काही करावं की स्वतःतच रुतून बसावं याची. आठवी पायरी म्हातारपणाची. तिथे माणसानं मागं वळून बघायचं आणि ‘झालं ते ठीक झालं’ म्हणायचं. म्हणता आलं तर समाधान, नाही तर निराशा.

हे सगळं रंगीत तक्त्यावर फार छान दिसे. मी तर त्याच्या इतकी आहारी गेले होते की घरी जेवायला आलेला माणूस दुसरी पोळी घेईपर्यंत मी त्याला एका पायरीवर बसवलेलं असे. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणायचे, माझी पायरी तेवढी पुसून दे, म्हणजे बसतो.

विभागाच्या मागे आमची स्वतःची बालवाडी होती. मुली जाळीच्या खिडकीआड बसून मुलांचं निरीक्षण करत. माझा नियम एकच. दिसलं ते लिहा, समजलं ते लिहू नका. ‘बाळ चिडलं’ असं लिहायचं नाही. ‘बाळाने ठोकळा फेकला, ओठ आवळले’ असं लिहायचं. चिडलं की नाही ते मागून ठरवू. या एका नियमापायी मी हजारो जर्नलांवर लाल शाई ओतली असेल आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

दर वर्षी पाण्याच्या पेल्यांचं प्रात्यक्षिक असे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, मुलाकडून ‘सारखं आहे’ असं वदवून घ्यायचं, मग त्यातल्या एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कुठे? सहाच्या आतलं मूल बहुतेक वेळा उंच पेल्याकडे बोट दाखवतं. एकदा चार वर्षांच्या एका मुलीनं बोट दाखवायच्या ऐवजी माझ्या विद्यार्थिनीकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, “तुम्हीच त ओतलं, मंग मले काहून विचारून राहिल्या?” विद्यार्थिनीनं जर्नलात लिहिलं, उत्तर दिले नाही, शून्य गुण. मीही त्यावर सही केली. स्टाफरूममध्ये हा किस्सा मी कित्येक वर्षं हसवायला म्हणून सांगत होते. त्या पोरीनं आपल्याला एक रास्त प्रश्न विचारला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आणखी एक कबुली देऊन टाकते. आमच्या अभ्यासक्रमात बाळाला सगळं पहिलं सत्र मिळे, किशोरांना दुसरं, आणि म्हातारपण सगळ्यात शेवटी येई, गॅदरिंगच्या तोंडावर. वर्गात निम्म्या मुली नाचाच्या सरावाला गेलेल्या, उरलेल्यांचं लक्ष खिडकीबाहेर. साठीपासून मरणापर्यंतचा माणूस मी दोन तासांत संपवत असे. त्यातल्याच दुसऱ्या तासाला एक सिद्धांत घाईघाईनं सांगायची. वय झालेला शहाणा माणूस काय करतो, तर कामं कमी करतो, जी ठेवतो त्यांच्यावर जास्त जीव लावतो, आणि जे अंगाला झेपत नाही त्याची दुसरी काही सोय करून ठेवतो. तीन वाक्यं. परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही, म्हणून मुलीही तो सोडून देत.

निवृत्तीनंतर मनीषनगरात ज्येष्ठांच्या मंडळानं मला एक खोली दिली. टेबल, तीन खुर्च्या, खडखडणारा कूलर, आणि बाहेर ‘कुटुंब मार्गदर्शन’ अशी पाटी. बुधवार आणि शनिवार सकाळी मी तिथे बसे. मी डॉक्टर नाही हे प्रत्येकाला आधी सांगत असे. पण हातात छापील फॉर्म असलेल्या बाईला लोक डॉक्टरच समजतात, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडत असे.

जूनच्या अखेरीला प्रशांत वडिलांना घेऊन आला. पंचेचाळिशीचा, बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर, राहायला इथेच मनीषनगरात, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. वडील नामदेवराव, त्र्याहत्तर वर्षांचे. नरखेड तालुक्यातल्या एका गावात दोन एकर संत्र्याची बाग. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. प्रशांतनं वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत येऊन सगळं सांगितलं. बाग जुनी झाली होती, डिंक्या रोगानं झाडं बुंध्यापासून चिकट होऊन वाळत चालली होती. झाडं गेली, आता बाबांनी इथं येऊन सुखानं राहावं, असं त्याचं म्हणणं. बाबांनी मात्र जुनी झाडं काढून दोनशे वीस नवी कलमं लावायचं ठरवलं होतं, नर्सरीत सांगूनही ठेवलं होतं. “संत्र्याले पहिलं फळ यायले पाच-सहा वर्षं लागतात मॅडम,” प्रशांत म्हणाला. “बाबा त्र्याहत्तरचे. मागच्या महिन्यात मोटार सुरू करताना विहिरीपाशी पडले. दोन तास कोणाले माहीत नाही. मी इकडं ड्यूटीवर. तुम्ही त्यांले समजावून सांगा, नाहीतर लिहून द्या. तुमचं ऐकतील.”

तो रडवेला झाला होता. मुलगा जमिनीवर डोळा ठेवून आलाय असं कुणाला वाटेल, तसं अजिबात नव्हतं. त्याला फक्त बापाच्या पडण्याची भीती होती. मला त्याची दया आली आणि तिथेच माझं पारडं एका बाजूला झुकलं.

नामदेवराव आत आले. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, पायात धूळ झटकलेल्या चपला. मी फॉर्म पुढे ओढला. आज तारीख किती, विचारलं. ते म्हणाले, “तारीख पोराले विचारा, त्याच्या मोबाइलात राहते. आर्द्रा लागून चार दिवस झाले.” मी तारखेपुढे फुली मारली. सध्या ऋतू कोणता, यावर त्यांनी मलाच विचारलं, कोणत्या कामाचा? पेरणीचा की बहाराचा? मी दुसरी फुली मारली. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, सायकल, नदी, चमचा. पाच मिनिटांनी त्यांना सायकल आणि नदी आठवली. तिसरा मी सांगितला, तर चमचा कशाले लागते, म्हणाले. तिसरी फुली. नक्षत्र अचूक सांगणाऱ्या माणसाला मी ‘कालभान कमी’ ठरवत होते.

मग मी आठव्या पायरीकडे वळले. त्यांना शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, नामदेवराव, आठ दिवस रोज थोडं लिहा. आयुष्याकडे वळून बघा, काय कमावलं, काय राहून गेलं. या वयात तेच करायचं असतं. ते सातवीपर्यंत शिकलेले. वही त्यांनी टोपीसारखी सांभाळून नेली.

पुढच्या शनिवारी वही परत आली. पहिलं पान उघडलं. वर लिहिलं होतं, ‘पहिलं साल. खड्डे मी पाहीन. कलमं मी लावीन.’ मी पुढची पानं चाळली. दुसरं साल, तिसरं साल, असं सहाव्यापर्यंत. मागच्या त्र्याहत्तर वर्षांबद्दल एक शब्द नाही. अक्षर बारीक होतं, बाहेर सल्ल्यासाठी आलेल्या दोन सुना ताटकळत होत्या, आणि मला जे समजायचं ते समजलं होतं. माणूस वय नाकारतोय. पुस्तकात अगदी असंच दिलेलं असतं. मी मंडळाच्या कागदावर लिहून दिलं, स्मरण व कालभान यांत घट, वयानुरूप आढाव्याऐवजी अवास्तव भविष्ययोजना, शेतीची जबाबदारी एकट्यावर सोपवणे योग्य वाटत नाही. खाली सही, पदवी आणि एकतीस वर्षांचा अनुभव.

नामदेवरावांनी तो कागद मागून घेतला, सावकाश वाचला आणि घडी करून प्रशांतला दिला. काही बोलले नाहीत. प्रशांतनं नर्सरीत फोन करून कलमं नको म्हणून कळवलं, ती दुसऱ्या कुणाला गेली. जुलैत तो वडिलांना फ्लॅटवर घेऊन आला. वही माझ्याकडेच राहिली.

ऑगस्टच्या शेवटी मला बालवाडी शिक्षिकांपुढे एक भाषण द्यायचं होतं. म्हातारपणी माणूस वास्तव कसं नाकारतो याचं उदाहरण म्हणून मी ती वही काढली आणि त्यातल्या ओळी उतरवून घ्यायला बसले. उतरवून घ्यायचं म्हणजे वाचावं लागतं.

दुसरं साल. पाणी मी देईन, फवारा गड्याकडून. तिसरं साल. विहिरीवर जाणार नाही. ठिबक बसवणे, बटन घरात घेणे. चवथं साल. लुना चालवणार नाही. सिंधूले आठ दिवसांनी बलावणे, छाटणी शिकवणे. पाचवं साल. बांधावर खाटेवर बसणे. सिंधू करील, मी पाहीन. सहावं साल. पहिली तोड. मी असलो त मी, नसलो त सिंधू.

सिंधू त्यांची मुलगी, शेजारच्याच गावात दिलेली. प्रशांतनं तिचा उल्लेख ओझरता केला होता.

या माणसानं वय नाकारलं नव्हतं. सहा वर्षांत आपल्या हातून काय काय सुटत जाईल, हे त्यानं वर्षागणिक लिहून ठेवलं होतं. विहीर सोडली, गाडी सोडली, कात्री मुलीच्या हातात दिली, आणि शेवटी स्वतःचं मरणही एका ओळीत बसवून टाकलं. कामं कमी करणं, उरलेल्यांवर जीव लावणं, न झेपणाऱ्याची सोय करणं. जो सिद्धांत मी एकतीस वर्षं गॅदरिंगच्या गडबडीत उरकला, तो एका सातवी शिकलेल्या माणसानं माझ्याच वहीत मला लिहून दिला होता. आणि मी, दिसलं ते लिहा म्हणून मुलींच्या मानगुटीवर बसणारी बाई, न वाचता समजून मोकळी झाले होते. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी प्रशांतच्या घरी गेले. नामदेवराव गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर एका नव्या इमारतीचा सांगाडा. दोन महिन्यांत त्यांचे खांदे उतरले होते. मी वही पुढे ठेवली आणि दोघांनाही सांगितलं, मी दिलेला कागद चुकीचा आहे. वही मी धड वाचली नव्हती. प्रशांत बराच वेळ वही वाचत बसला. मग त्यानं मला विचारलं, “मंग मॅडम, तेव्हा जे लिहून देलं, ते कोणत्या शास्त्रानं?” शास्त्र तेच होतं.

नामदेवराव चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “मले वाटलं, तुम्ही वाचून नाही म्हटलं.”

म्हणून ते गप्प बसले होते. शिकलेल्या बाईनं आपला सगळा हिशोब नीट पाहिला आणि तरी नको म्हटलं, तर त्यात काही असेल, असं त्यांनी धरलं होतं.

त्या वर्षीचा लावणीचा हंगाम गेलेला होता. पोळा झाल्यावर प्रशांत स्वतः त्यांना गावी सोडून आला. जाताना त्यानं बहिणीला फोन केला आणि बाबांकडे येत जा, असं सांगितलं. एवढंही मग कमी नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात कलमं लागली. पुढच्या तीन-चार वर्षांत मी एसटीनं तीनदा पाहायला गेले. पहिल्या खेपेला कलमं माझ्या गुडघ्याएवढी होती आणि नामदेवराव त्यांच्या बुंध्याला फुटलेले नको ते धुमारे नखानं खुडत होते. दुसऱ्या खेपेला मोटारीचं बटन घरात आलेलं होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी लुना विकून टाकली होती आणि सिंधू कात्री घेऊन झाडाशी उभी होती. बाप खाटेवरून सांगत होता, “ते फांदी नको कापू वं, ते पुढल्या साली कामाची हाय.” मी शेजारी बसून राहिले. गेलेल्या त्या वर्षाबद्दल त्यांनी कधी एक अक्षर काढलं नाही, आणि माझीही काढायची हिंमत झाली नाही.

कलमं लागल्यापासून पाचव्या वर्षी, दिवाळी उलटून महिनाभरानं, नामदेवराव झोपेतच गेले. झाडं तेव्हा डोक्याच्या वर होती, पण फळ नव्हतं.

त्यानंतरच्या कार्तिकात, दुपारी, सिंधू माझ्या दारात उभी राहिली. हातात पिशवी. पहिल्या तोडीची संत्री. मी तिला बसवलं, पाणी दिलं. साल जाड होती आणि चव जरा आंबट. पहिल्या सालची अशीच राहतात, ती म्हणाली, पुढल्या साली गोडी येते. मग ती बाबांबद्दल बोलत राहिली. शेवटच्या महिन्यातसुद्धा रोज काठी टेकत बांधापर्यंत जात. पानं उलटी करून पाहत, कुठं कळी दिसते का म्हणून.

“एक साल आधी लागली असती न मॅडम,” ती म्हणाली, “त बाबानं फळ पाहिलं असतं. पण त्या साली नर्सरीत कलमंच नाही भेटली म्हणे.”

मी विचारलं, कोण म्हणालं असं.

“बाबाच म्हणे.”

प्रशांतनं बहिणीला सांगितलं नव्हतं. आणि नामदेवरावांनी मुलीशी माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं. मी गप्प राहिले असते तर ते खोटं तसंच टिकलं असतं. पुढल्या वर्षी पुन्हा पिशवी आली असती. सिंधूच्या तोंडी मी बाबांना समजून घेणारी मॅडमच राहिले असते. खरं सांगते, क्षणभर मोह झाला.

मी सांगितलं. फॉर्म, फुल्या, वही, कागद, सगळं. तुमच्या बाबांचं ते वर्ष मी खाल्लं, असंच म्हणाले, कारण दुसरा शब्द सुचला नाही.

सिंधू मांडीवरच्या सालींशी चाळा करत ऐकत होती. मग तिनं विचारलं, “बाबाले माहीत होतं हे?”

मी म्हटलं, हो. सगळं.

“माहीत असून तो नाही बोलला,” ती म्हणाली, “त मी कोण बोलनारी.”

तिनं पिशवीतून आणखी एक संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. ते आंबट होतं. मी एकेक फोड करून सगळं खाल्लं, आणि ती माझं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.